एकशे साठ मीटरवरची हाक

ही गोष्ट खरी आहे.

असं इथे प्रत्येक जण म्हणतो, मला माहीत आहे. मीही भुताखेताच्या अनुभवांचं हे पान नेमाने वाचतो आणि निम्म्या गोष्टींवर हसतो. पण ही माझ्या साडूच्या बाबतीत घडली आहे. घडली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे नशिराबादला आला होता, आणि सगळं सांगून गेला.

माझी बायको रत्ना आणि त्याची बायको मोनाली या सख्ख्या बहिणी. दोघीही हे पान वाचत नाहीत. त्यांनी ते कधी वाचू नये, एवढीच इच्छा आहे.

दिवस मागच्या वर्षीच्या मार्गशीर्षातला. शनिवार. जागा म्हणाल तर धुळ्याहून अमळनेरच्या बाजूला निघालं की पांझरेच्या काठी लागणारं एक गाव, आणि गावाबाहेरचं सुकदेव आबांचं शेत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

सुकदेव आबा म्हणजे हितेंद्रचे वडील. हितेंद्र म्हणजे माझा साडू.

हितेंद्र धुळ्याला एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. माणूस सरळ, देवभोळा नाही, भुताखेताचं नाव काढलं की उठून चहा टाकायला जाणारा. त्याला एकच वेड. हॅम रेडिओचं. जगात मोबाईल आला, व्हॉट्सअ‍ॅप आलं, आणि आमचे साडूभाऊ शेतात पाइप उभा करून जपानला ‘ऐकू येतंय का’ विचारत बसतात. मी खूप चिडवायचो त्याला. आता चिडवत नाही.

थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

या लोकांचा एक पट्टा असतो, एकशे साठ मीटरचा. सगळ्यात खालचा, सगळ्यात अवघड. दिवसा तो मेलेला असतो. सूर्य मावळताना आणि उगवताना मात्र तो जागा होतो. जिथे उजेड आणि अंधार एकमेकांना भेटतात, त्या रेषेवरून म्हणे आवाज हजारो मैल जातो. अर्धा तास, फार तर पाऊण. मग सगळं परत बुडतं.

शहरात हे जमत नाही. इन्व्हर्टर, एलईडी, केबल, सगळ्यांची खरखर असते. म्हणून हितेंद्रने शेतात संसार मांडला होता. बोलायला एक उंच पाइप, ताण दिलेल्या दोऱ्यांनी उभा केलेला. आणि ऐकायला वेगळी तार. लांबच लांब, बांधाच्या कडेने, पुरुषभर उंचीवर, पूर्व-पश्चिम. बोलायला पाइप, ऐकायला तार. दोन्हींच्या केबली शेतातल्या खोलीत येत होत्या.

माईकला हात मात्र फक्त त्याचाच. त्याला सरकारी परीक्षा असते, लायसन असतं. मोनाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आवाज खणखणीत. एकदा ती गमतीने ‘हॅलो’ म्हणायला गेली, तर याने माईक काढून घेतला होता. नियम म्हणजे नियम.

त्या दोघांना मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. जळगाव झालं, नाशिक झालं, डॉक्टर झाले, नवस झाले. मोनालीने वर्गातल्या पोरांवर जीव लावला, आणि हा हिवाळ्यात दर शनिवारी शेतावर पळू लागला. मला कधी कधी वाटतं, ते वेड वगैरे काही नव्हतं. घरातली शांतता त्याला सोसत नव्हती.

तर तो शनिवार.

हिवाळ्यातली ती त्याची पहिलीच फेरी. कॉलेजातून सुटायला उशीर झाला, शेतावर पोचला तेव्हा सूर्य टेकला होता. आबा खोलीबाहेर म्हशीला पेंड घालत होते.

“उना का भो? पयले चहा पी ले,” आबा अहिराणीत म्हणाले.

पण याला कुठला धीर. वेळ निघून चालली होती. तो तसाच खोलीत शिरला, केबली रेडिओला जोडल्या, हेडफोन कानाला लावला आणि बटण दाबलं.

रेडिओ सुरू झाला...

आणि काहीच ऐकू आलं नाही.

म्हणजे कुणी बोलत नव्हतं असं नाही म्हणत मी. या पट्ट्यावर कायम एक खरखर असते. तव्यावर पाणी शिंपडावं तशी. कुठे वीज चमकते, कुठे मोटार चालते, सगळं त्यात येतं. ती खरखर कधीच थांबत नाही, आणि रेडिओवरचा आवाज मोजणारा काटा सतत हलत असतो.

ती नव्हती.

काटा शून्यावर. हेडफोनमध्ये आपल्याच कानातलं रक्त ऐकू यावं इतकी शांतता. त्याने केबल हलवून पाहिली. जोडलेली होती. रेडिओ बंद करून परत लावला. तेच.

त्याला वाटलं, बँड आज कधी नव्हे इतका स्वच्छ आहे. त्याने माईक उचलला आणि सीक्यू दिला. सीक्यू म्हणजे ‘कुणीही ऐकत असेल तर उत्तर द्या’ अशी हाक. आपली कॉल साइन, म्हणजे लायसनसोबत मिळालेलं रेडिओवरचं नाव, दोनदा सांगितली. माईक सोडला.

शांतता.

आणि मग... त्याचाच आवाज परत आला.

तीच हाक. तेच शब्द. मधे त्याने घसा साफ केला होता, तोसुद्धा जसाच्या तसा.

तुम्ही-मी पळालो असतो. हा खूश झाला. कारण या लोकांत ही गोष्ट ऐकिवात आहे. आपला आवाज कधी कधी कुठून तरी फिरून काही सेकंदांनी परत येतो. का येतो ते कुणालाच नीट माहीत नाही, पण अनुभव असलेले लोक आहेत. हयातीत एकदा मिळाला तरी नशीब म्हणायचं. याने लगेच जळगावला तरुणला फोन लावला. तरुण म्हणजे केवलचंदशेठ यांचा मुलगा, पाइप-मोटारींचं दुकान आहे त्यांचं, आणि याच्यासारखाच रेडिओवाला. तोही त्या वेळी रेडिओ लावूनच बसला होता.

तरुणने सांगितलं की हितेंद्रची हाक त्याला नेहमीसारखी दणदणीत ऐकू आली. परत आलेली मात्र नाही. आणि त्याच्याकडे खरखर रोजच्याइतकीच होती.

हितेंद्रने ते फार मनावर घेतलं नाही. पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही. कशाने, ते त्यालाही सांगता येईना. कूस बदलत राहिला. दोनदा उठून हेडफोन कानाला लावला, नुसती ती शांतता ऐकली, आणि परत आडवा झाला.

पहाटे, तांबडं फुटायच्या आधी, तो परत बसला.

तीच शांतता.

हाक दिली. वाट पाहिली. काही नाही. चहा ओतून घेतला, अर्धा प्यायला, तरी काही नाही. बँड संपला असं समजून हेडफोन काढायला गेला...

तेव्हा त्याचा आवाज परत आला. काल सेकंदांनी आला होता. आज कितीतरी वेळाने.

आणि या वेळी आवाज एकटा नव्हता.

मागे काहीतरी वाजत होतं. बारीक. छुम... छुम छुम... मग थांबायचं. मग परत छुम छुम, थोडं जवळ.

त्याने हेडफोन काढला. खोलीत काहीच वाजत नव्हतं. बाहेर म्हैस रवंथ करत होती. तिच्या गळ्यात घंटा नाही. हेडफोन परत लावला.

छुम छुम.

लहान मुलाच्या पायातले वाळे असतात ना, चांदीचे. नुकतं पाऊल टाकायला लागलेलं पोर चालताना, अडखळताना वाजतात तसे. ज्या घरात मूल नाही, त्या घरातल्या माणसाला तो आवाज लगेच ओळखू येतो. हे त्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

सूर्य वर आला तसं सगळं बंद झालं.

उजेड झाल्यावर माणसाला धीर येतो. हितेंद्रने ठरवलं, तारेत कुठेतरी दोष असेल. सांधा ढिला झाला असेल, उंदराने कुरतडली असेल. पक्कड घेऊन तो बांधाकडे निघाला. आबा वांगी तोडत होते, संध्याकाळी भरीत करायचं म्हणून.

आबांनी विचारलं, कुठे चालला. याने सांगितलं, तार बघायला.

आबा थांबले.

“ती तार ना? उन्हायामा नांगरटी करतांना ट्रॅक्टरमा गुंती जायी, म्हणीसन मी गुंडाळी ठेवी. माळ्यावर शे.”

हितेंद्रला आधी वाटलं, आबा दुसऱ्या कुठल्या तारेबद्दल बोलतायत.

तो बांधापर्यंत गेला. खोलीतून निघालेली केबल बांधाच्या पहिल्या खुंटापाशी येत होती. आणि तिथे संपत होती. तिचं टोक नुसतंच मातीत पडलेलं, त्यावर मुंग्यांनी घर केलेलं. पुढचे खुंट उभे होते. त्यांच्यावर काहीच नव्हतं.

परत येऊन त्याने माळ्यावर पाहिलं. तार होती. नीट वेटोळं करून सुतळीने बांधलेली, वर धूळ.

म्हणजे काल संध्याकाळपासून तो कशावर ऐकत होता?

रेडिओवाल्यांची पहिली शिस्त म्हणजे वर्षाने परत बसताना आधी सगळी तार चालून बघायची. या एकाच वेळी घाईत त्याने ती मोडली होती. त्याने तरुणला फोन केला. तरुण हसला, म्हणाला, रेडिओच बिघडला असणार, आत काहीतरी फिरत असेल. आज संध्याकाळी केबलच उपटून टाका आणि ऐका. काही आलं नाही तर चांगलंच, आलं तर रेडिओ माझ्याकडे आणा.

पटण्यासारखं होतं. तरी हितेंद्र दिवसभर जागेवर बसला नाही. धुळ्याला निघून जावं असं चारदा त्याच्या मनात आलं. गाडीची किल्लीसुद्धा हातात घेतली. मग मोनालीला फोन केला, काही कारण नसताना. ती वर्गाच्या वह्या तपासत होती. म्हणाली, आज आवाज असा का येतोय तुमचा. हा म्हणाला, झोप नाही झाली. तिने लवकर निघायला सांगितलं. तो हो म्हणाला.

आणि थांबला.

दिवे लागायची वेळ. आबा बाहेर म्हशीची धार काढत होते. उघड्या दारातून त्यांची पाठ दिसत होती, चरवीत पडणारं दूध ऐकू येत होतं. हितेंद्रने ऐकायची केबल रेडिओतून उपटली आणि तिचं टोक जमिनीवर टाकलं. बोलायचा पाइप तेवढा जोडलेला राहिला. मग हेडफोन लावला.

शांतता. काटा शून्यावर.

तो सुटकेचा श्वास टाकणार, तोच...

काटा हलला.

कुणीतरी बोलत होतं. या रेडिओत आवाज नीट लागला नसेल तर बदकासारखा येतो, वाकडातिकडा. बटण अगदी हळू फिरवावं लागतं, मग तो माणसाचा होतो. त्याचा हात सवयीने बटणावर गेला. थोडं डावीकडे. अजून थोडं.

बाईचा आवाज.

त्याची कॉल साइन म्हणत होती. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ, वर्गात हजेरी घ्यावी तसं. म्हणून झालं की थांबायची. जेवढं थांबायचं असतं तेवढंच. मग परत तेच.

मोनाली.

जिने आयुष्यात माईकला हात लावला नव्हता. आणि या घडीला जी धुळ्यात, घरी, वह्या तपासत होती.

“अहो, ऐकताय का?” ती म्हणाली. आवाज खूप लांबून येत होता, लाटेसारखा वरखाली होत होता. “आजही इथेच आहे मी. तुम्ही शिकवल्यासारखं आधी ऐकते, मग बोलते. पोरगी चालायला लागली. दिवसभर वाळे वाजवते. तुमचा फोटो दाखवला की हात पुढे करते... कुठे असाल तिथून एकदा बोला. एवढंच. ओव्हर.”

आणि ती थांबली.

आता हे नीट ऐका, कारण इथेच तो चुकला.

रेडिओवाल्या माणसाच्या हाडात एक गोष्ट भिनलेली असते. एवढासा, बुडत चाललेला आवाज आपलं नाव घेऊन हाक मारतोय आणि उत्तरासाठी थांबलाय, तर तो माणूस विचार करत नाही. आधी उत्तर देतो. पुढचा क्षण मिळेल की नाही याची खात्री नसते, म्हणून आधी ‘तू मला ऐकू येतोस’ हे सांगायचं, आवाजाला मार्क द्यायचे, पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी, बाकी सगळं नंतर. वर्षानुवर्षं हिवाळ्यात त्याने हेच केलं होतं.

त्याचा अंगठा माईकच्या बटणावर दाबला गेला.

“पाच-नऊ,” घसा साफ करून तो म्हणाला. “तुमचा आवाज पाच-नऊ. स्पष्ट ऐकू येतोय.”

सोडल्यावर त्याला कळलं आपण काय केलं.

काही वेळ काहीच नाही. मग तिकडून एक हुंदका आला. आणि ती माईकपासून तोंड फिरवून दुसऱ्या कुणाला तरी सांगत होती, “आबा, ते बोलले. आबा, खरंच. ते बोलले आत्ता.”

मग दुसरा आवाज. म्हातारा, थकलेला.

“बस कर पोरी. तो आते येवाव नई.”

आता तो येणार नाही.

हितेंद्रने दाराकडे पाहिलं. आबा बाहेर होते. पाठमोरे. चरवीत दूध पडत होतं. तोंडातून अक्षर काढत नव्हते.

हेडफोनमध्ये वाळे वाजले. अगदी जवळ. मग काटा शून्यावर गेला, आणि एकदम, तव्यावर पाणी ओतावं तशी ती जुनी खरखर सुरू झाली.

आबा आत आले तेव्हा हा खुर्चीवरून खाली बसला होता.

“काय व्हयनं रे?”

 त्याने आबांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

थोड्या वेळाने तरुणचा फोन आला. तो त्या वेळी जळगावला ऐकत होता. तरुण हसऱ्या स्वभावाचा आहे, पण तेव्हा हसत नव्हता. त्याने मला नंतर स्वतः सांगितलं ते असं.

“भाऊ, फ्रिक्वेन्सीवर कुणीच नव्हतं. हितेंद्रभाऊ कुणाला तरी पाच-नऊचा रिपोर्ट देत होते तेवढं ऐकू आलं. पण रोज त्यांचा आवाज इथे कान फोडतो, जवळच आहेत ना. त्या दिवशी कसाबसा लागला. आणि त्याला थरथर होती. ध्रुवावरून येणाऱ्या आवाजाला असते तशी. इतक्या लांबून.”

तो मला म्हणाला, “मी त्यांना ओळखलं ते फक्त घसा साफ केला म्हणून.”

दुसऱ्या दिवशी हितेंद्र माझ्याकडे आला ते वर सांगितलंच. मोनालीला त्याने काही सांगितलं नाही. मला शपथ घातली. पुढच्या आठवड्यात तरुणने माणसं नेऊन पाइप उतरवला, रेडिओ स्वतःकडे जळगावला नेऊन ठेवला. हितेंद्रने त्यानंतर हेडफोनला हात लावलेला नाही. मी बरंच समजावलं. झोप नव्हती, मनात मुलाचा विषय होता, कानाला भास होतात. त्याने सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही, हेच मला खुपलं.

हळूहळू मीही विसरायला लागलो होतो.

यंदा नवरात्रात रत्नाचा फोन वाजला. ती ऐकता ऐकता रडायलाच लागली, मग हसायला लागली. मोनालीला दिवस गेले होते. इतक्या वर्षांनी. रत्नाने देव्हाऱ्यात साखर ठेवली, शेजारीपाजारी पेढे वाटले. आम्ही त्याच रविवारी धुळ्याला गेलो. आबा गावाहून आले होते, पोरासारखे हसत होते.

हितेंद्रही हसत होता. सगळ्यांना पाणी देत होता, खुर्च्या सरकवत होता. एका जागी दोन मिनिटं उभा राहत नव्हता. माझ्याकडे त्याने एकदाच पाहिलं.

मोनालीने सुटी घेतली आहे. घरी बसून कंटाळते. मध्ये म्हणाली, तुमच्या रेडिओची परीक्षा मीच देते, तुम्ही शेतावर गेलात की बोलता येईल. कधी नव्हे तो हितेंद्र तिच्यावर ओरडला. ती दोन दिवस बोलली नाही.

आणि आता नवीनच. हा माणूस देव-देव करायला लागलाय. धुळ्यातल्या देवपूरच्या एकवीरादेवीला दर मंगळवारी जातो. आणि उघड उघड मागतो. मुलगा होऊ दे.

मोनाली रत्नाजवळ रडली. “ताई, इतका शिकलेला माणूस, आणि मुलगाच पाहिजे म्हणतो. मुलगी झाली तर काय करेल गं हा? मला याची लाज वाटते.” रत्ना भडकली. तिने मला धुळ्याला पाठवलं. म्हणाली, आपल्याला दोन मुली आहेत, आपण कधी असं केलं का, जा आणि चार शब्द सुनावून या.

मी गेलो. ओट्यावर तो आणि मी शेजारी बसलो. आत मोनाली बाळाचं काहीतरी विणत होती. मी चार शब्द पाठ करून गेलो होतो. त्यातला एकही बाहेर आला नाही. मला त्याने सांगितलेलं तेच आठवत होतं, ‘पोरगी चालायला लागली’. शेवटी मीच म्हणालो, मुलगाच होईल रे.

परत येताना मी गाडी देवपूरकडे वळवली. मला दोन मुली आहेत. दुसरी झाली तेव्हा ज्यांनी तोंड वाकडं केलं होतं, त्यांच्याशी मी आजही बोलत नाही. आणि त्या संध्याकाळी मी एकवीरेपुढे उभा राहून, आयुष्यात पहिल्यांदा, हात जोडून मुलगा मागितला.

डॉक्टरांनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपासची तारीख दिली आहे.